अण्णांची वाटणी मला मान्य नाही

सी. रामचंद्रांचा, म्हणजे अण्णांचा, विषय निघाला की आपल्याकडचे जाणकार त्यांची वाटणी करतात. उजव्या हाताला ‘अनारकली’, ‘आझाद’मधली बागेश्री, ‘नवरंग’मधला मालकंस आणि १९६३ साली लताबाईंनी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर गायलेलं ते गीत. डाव्या हाताला ‘शहनाई’तलं रविवारचं गाणं, ‘पतंगा’तला रंगूनचा टेलिफोन, अख्खा ‘अलबेला’ आणि ‘ईना मीना डीका’. उजवीकडचे अण्णा थोर, डावीकडचे पोटार्थी. स्मृतिदिनाच्या कार्यक्रमांत निवेदकांच्या तोंडून, दिवाळी अंकांतल्या लेखांत, मैफल संपल्यावरच्या चहाच्या गप्पांत ही वाटणी मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. ती नेहमी आदरानंच केली जाते, त्यामुळे तिला कुणी अडवत नाही. मला ती अडवायची आहे. ज्या माणसाच्या चालींनी माझं आयुष्य भरलं, त्याचा अर्धा भाग टाकून उरलेल्या अर्ध्याला हार घातलेला मला सहन होत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. हा एकच संगीतकार होता. दोन्हीकडे त्याचा कान तोच होता आणि बुद्धीही तीच. ज्यांना त्याची डावी बाजू हलकी वाटते त्यांनी उजवी बाजूही पुरती ऐकलेली नाही.

‘आझाद’पासूनच सुरुवात करतो, कारण वाटणीवाले तिथंच उघडे पडतात. १९५५ चा हा चित्रपट कोइमतूरच्या पक्षिराजा स्टुडिओचा, निर्माते-दिग्दर्शक श्रीरामुलू नायडू. महिन्याभरात नऊ गाणी हवीत असं म्हणत नायडू आधी नौशादांकडे गेले, नौशादांनी त्यांना वाटेला लावलं आणि मग ते काम अण्णांनी घेऊन मुदतीत पुरं केलं, हा किस्सा चित्रपटसंगीताच्या प्रत्येक रसिकाला पाठ आहे. तो सांगून लोक अण्णांच्या झपाट्याचं कौतुक करतात आणि तिथंच थांबतात. मला त्यातून पुढचं दिसतं. लता आणि उषा या बहिणींनी गायलेलं ‘अपलम चपलम’ आणि बागेश्रीतलं ‘राधा ना बोले’ ही दोन गाणी त्याच थोड्या दिवसांत, त्याच पेटीवर, त्याच माणसानं बांधली. सकाळी पोटार्थी व्हायचं आणि संध्याकाळी थोर व्हायचं, एवढी सवड त्याला होती कुठं? ‘अपलम चपलम’ नीट ऐका. दोन आवाज एकमेकांना अगदी लागून चालतात, शब्द जलद आहेत, पण एकही अक्षर ठेक्याबाहेर सांडत नाही. आणि ‘राधा ना बोले’ ऐकताना बागेश्री ऐकतो आहोत म्हणून मान डोलावणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या गाण्यात बागेश्री हसते. एरवी रात्रीची, विरहाची म्हणून ओळखली जाणारी ही रागिणी अण्णांनी रुसव्याच्या, छेडछाडीच्या गाण्याला लावली आहे. दोनच वर्षांपूर्वी ‘अनारकली’त हेमंतकुमार आणि लताबाईंच्या ‘जाग दर्द-ए-इश्क’मध्ये याच बागेश्रीतून त्यांनी अस्वस्थ प्रेम जागवलं होतं. राग तोच, स्वभाव वेगळा. ही किमया ज्याला साधते त्याच्या लेखी गंभीर आणि खेळकर या वेगळ्या जाती नसतात. खेळकरपणा त्याच्या ‘थोर’ गाण्यांच्या आतही आहे, तो वेगळा काढता येत नाही.

आता उलट दिशेनं पाहू. १९५२ चा एक चित्रपट आहे, ‘शिन शिनाकी बुबला बू’. नाव वाचूनच वाटणीवाले त्याला डावीकडं ढकलतील. याच चित्रपटात प्यारेलाल संतोषींच्या शब्दांवरचं ‘तुम क्या जानो’ आहे. लताबाईंच्या त्या काळातल्या गाण्यांत याच्याइतकी खोल व्याकुळता मला फार थोड्या ठिकाणी भेटते. सूर लावतानाच दुःखाचा भार जाणवतो, आणि अण्णांनी तो भार कुठंही आक्रोशापर्यंत जाऊ दिलेला नाही. असल्या नावाच्या चित्रपटासाठी त्यांनी ही चाल दिली, ती ‘अनारकली’साठी राखून ठेवली नाही. ‘शहनाई’चंही तेच. १९४७ च्या त्या चित्रपटातलं रविवारचं गाणं सगळ्यांना आठवतं, गिटार, माउथऑर्गन आणि शिट्टी यांनी गाजवलेलं. पण त्याच चित्रपटात अमीरबाई कर्नाटकींचं ‘मार कटारी’ आहे, काळीज कापणारं. ते ऐकल्याशिवाय ‘शहनाई’ला उथळ म्हणायचा अधिकार कुणाला पोचत नाही.

आणि ‘अलबेला’. माझा जीव इथं अडकलेला आहे हे मी लपवत नाही. १९५१ साली भगवान आबाजी पालव नावाच्या स्टंटपटांतून आलेल्या मराठी माणसानं निर्माता, दिग्दर्शक आणि नायक होऊन हा चित्रपट काढला. भगवानदादा आणि अण्णा यांची जोडी १९४२ च्या ‘सुखी जीवन’पासूनची. दोघांनी कमी पैशांत, घाईत खूप काम केलं होतं, आणि तो सगळा सराव ‘अलबेला’त फळाला आला. ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो आहे, ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ओबो आहे. टीकाकारांना इथं फक्त वाद्यं ऐकू येतात. त्यांना माझी विनंती आहे की एकदा ही वाद्यं मनातून बाजूला करा आणि ती चाल नुसत्या पेटीवर वाजवून पाहा. ती उभी राहते. तिला स्वतःचा कणा आहे, कारण ती स्वरांतून सुचली आहे आणि वाद्यं तिच्या अंगावर नंतर चढली आहेत. उसन्या झगमगाटावर उभी असलेली चाल पेटीवर कोसळते, हे गाण्याच्या क्लासात शिकणाऱ्या कुठल्याही मुलाला ठाऊक असतं. लग्नाच्या वरातीतल्या बँडपासून घरातल्या बुलबुलतरंगापर्यंत ‘अलबेला’ची गाणी गेली सत्तर वर्षं वाजत आहेत, ती त्या कण्यामुळे.

याच चित्रपटात पिलूतली अंगाई आहे. लताबाईंची एकटीची एक, आणि अण्णांनी ‘चितळकर’ या आडनावानं त्यांच्यासोबत गायलेली एक. ठुमरी-दादऱ्यात लाडावलेला हा राग इथं कसा येतो पाहा. मुखडा लहानशा टप्प्यात फिरतो, घाई करत नाही, पुन्हा पुन्हा खाली येऊन विसावतो. साथीची वाद्यं हात आखडून वाजतात. अंतरा थोडा वर जातो आणि परतताना पिलूचा मऊपणा अशा बेतानं लागतो की झोपणाऱ्याची झोप मोडू नये. बाळाला थोपटणाऱ्या कुठल्याही आईला गाता येईल अशी ही चाल आहे, आणि तरीही तिच्यातली एकेक हरकत नेमकी गळ्यावर उतरवायला लताबाईंचाच गळा लागतो. ‘शोला’ आणि ही अंगाई एकाच तबकडीच्या संचातली, एकाच नायकासाठी केलेली. मला सांगा, यातला पोटार्थी कोणता आणि थोर कोणता?

चोरीचा आरोप मात्र वेगळा आहे आणि तो टाळून चालणार नाही. १९५० च्या ‘समाधी’मधलं ‘गोरे गोरे’ हे कार्मेन मिरांडानं १९४५ च्या ‘डॉल फेस’ या अमेरिकी चित्रपटात गायलेल्या गाण्यावर बेतलेलं आहे. मुखडा उसना आहे, यात वाद नाही. पण जे हा आरोप करतात तेच संध्याकाळी नाट्यसंगीताच्या मैफलीला जाऊन बसतात, आणि तिथं त्यांची तक्रार नसते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’ची जुनी पुस्तकं उघडून पाहा, पदांच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून ती कशावरून घेतली ते छापलेलं असतं. कानडी पदं, लावण्या, साक्या, आरत्या, जे जे कानात होतं ते किर्लोस्करांनी रंगभूमीवर आणलं. १९११ च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमऱ्या-दादऱ्यांकडे पाहिलं, १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवांनी ख्यालाच्या बंदिशी घेतल्या. त्यांना आपण चोर म्हणत नाही, कारण घेतलेल्या चालीला त्यांनी मराठी शब्दांत, मराठी गळ्यात आणि नाटकातल्या प्रसंगात नव्यानं वसवलं हे आपल्याला कळतं. तोच न्याय अण्णांना का लागू होत नाही? गोहर जानची ठुमरी बनारस-लखनौकडून आली तर ती परंपरा, आणि लॅटिन ठेका बॉलरूममधून आला तर ती चोरी, असा हा हिशेब आहे. एक फरक मी मान्य करतो. नाटकवाले मूळ चाल छापत, चित्रपटवाले छापत नसत. श्रेयनामावलीत ते नाव असायला हवं होतं. पण ही तक्रार त्या काळच्या सगळ्या चित्रपटसृष्टीची आहे, एकट्या अण्णांच्या माथी ती मारता येणार नाही. आणि ‘गोरे गोरे’च्या बाबतीत आणखी एक गोष्ट. त्या गाण्यात लताबाईंसोबत अमीरबाईंचा भरदार आवाज आहे. त्या दोन आवाजांतला सवाल-जबाब, शब्दांची ती चिडवाचिडवी मूळ गाण्यातून आलेली नाही. ती आपल्या अंगणातली आहे.

काही जण याच्या पुढं जातात आणि म्हणतात की पाश्चात्त्य ढंगाची गाणी अण्णांची नव्हतीच, ती गोव्याच्या वादकांनी केली. गोव्याच्या वादकांचं ऋण मोठं आहे आणि ते मराठी माणसानं तरी मोकळ्या मनानं मान्य केलं पाहिजे. हळदोण्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, ज्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, अण्णांच्या कामात जवळून होता. ‘अलबेला’त तर तो आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरच दिसतो. ‘ईना मीना डीका’च्या शब्दांत कोकणी मिसळली ती याच मंडळींच्या संगतीत, असं सांगतात. पण ही माणसं त्या काळी मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक संगीतकाराकडे वाजवत होती. सगळ्यांकडे ‘शोला’ तयार झालं नाही. कुणाला काय वाजवायला सांगायचं, कुठं थांबवायचं, त्या ट्रंपेटच्या शेजारी कोणता भारतीय सूर बसवायचा, हे ठरवणारा माणूस पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे आणि नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेला होता. पुणतांब्यात जन्मलेल्या या मुलानं ग्वाल्हेर घराण्याच्या शिस्तीत गाणं गिरवलं, मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटीची साथ करत चित्रपटाचं काम शिकलं, आणि मग बेनी गुडमनचं संगीत मन लावून ऐकलं. त्यांच्या कानात या तीन गोष्टी एकत्र नांदत होत्या. तुम्ही त्यातली एक निवडता, त्यांना निवडावं लागलं नाही.

ही निवड करायची सवय आपल्याला कुठून लागली याचाही विचार करावा. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं प्रेम खरं होतं आणि त्यांनी आकाशवाणीवर त्या संगीताला मोठी जागा मिळवून दिली, हे मी कधी विसरत नाही. पण त्याच प्रेमापोटी त्यांनी चित्रपटसंगीताला घराबाहेर ठेवलं. आकाशवाणीवरची चित्रपटगीतं आधी कमी झाली, मग जवळजवळ बंदच पडली. देशातल्या श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनवर नेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथं बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बाकीचा इतिहास आपल्याला माहीत आहे. १९५७ मध्ये विविध भारती काढून सरकारनं ती गाणी परत घरात घेतली. सरकारनं आपलं धोरण बदललं, पण आपल्या रसिकांच्या डोक्यातलं केसकरी धोरण अजून बदललेलं नाही. राग सापडला की गाणं उच्च, ठेका सापडला की हीन. त्यामुळे अण्णांच्या गाण्यात भीमपलास शोधणारा माणूस ‘अनारकली’तल्या भीमपलासातल्या गाण्यावर तास तास बोलतो आणि ‘पतंगा’तल्या टेलिफोनच्या गाण्यात शमशाद बेगमचा खणखणीत आवाज आणि अण्णांचा गमतीदार पुरुषी स्वर यांची जी बरोबरी जमली आहे तिच्याबद्दल एक शब्द बोलत नाही.

लताबाईंचा मुद्दाही येतोच. अण्णांची गाणी म्हणजे लताबाईंचा गळा, तो गळा दूर गेला आणि अण्णा संपले, असं सांगितलं जातं. त्या दोघांत काय घडलं, आत्मचरित्रातली खासगी पानं काय म्हणतात, यात मला रस नाही आणि तो कुणी दाखवला की मी विषय बदलतो. गाण्यांपुरतं बोलायचं तर ‘नवरंग’ १९५९ चा. व्ही. शांतारामांच्या त्या चित्रपटात लताबाई नाहीत. आशाबाई आहेत आणि त्या वेळी नवखे असलेले महेंद्र कपूर आहेत. अर्ध्या चंद्राचं ते मालकंसातलं गाणं त्या दोघांचं आहे. संपलेल्या संगीतकाराच्या हातून नव्या गायकासाठी अशी चाल निघत नाही. पुढं ‘घरकुल’ या मराठी चित्रपटात सुरेश भटांच्या ‘मलमली तारुण्य माझे’ या रचनेला त्यांनी आशाबाईंच्या गळ्यातून जी तरलता दिली ती ऐका, आणि त्याच चित्रपटात गदिमांच्या शब्दांवरचं ‘पप्पा सांगा कुणाचे’ ऐका, जे महाराष्ट्रातल्या घराघरांत मुलं गात मोठी झाली. पुन्हा तेच. एका चित्रपटात एकीकडं सुरेश भटांची नजाकत, दुसरीकडं मुलांच्या तोंडी बसणारं गाणं, आणि दोन्हींवर त्याच माणसाची सही.

गायक चितळकरांवर तर मोठा अन्याय झाला आहे. ‘आझाद’मधल्या ‘कितना हसीं है मौसम’मध्ये त्यांचा आवाज इतका तलतच्या जवळ जातो की कित्येकांनी तो वर्षानुवर्षं तलतचाच समजून ऐकला. यावरून त्यांना नकलाकार म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तो माणूस त्याच पाच-सात वर्षांत भगवानदादांसाठी रांगडा, मिश्किल, थोडा बोलल्यासारखा गात होता. त्याला गाण्यातला माणूस दिसत होता. त्या माणसासारखं तो गात होता. पडद्यावर दिलीपकुमार असेल तर मखमल, भगवान असेल तर दादरच्या गल्लीतला पोरगा. पार्श्वगायनाचं कामच हे आहे.

आता ज्या गीतापुढं सगळे वाटणीवाले नतमस्तक होतात तिथं येतो. २७ जानेवारी १९६३, चीन युद्धाच्या पराभवानंतरचे दिवस, कवी प्रदीपांचे शब्द. ते गीत शाळेतली मुलं गातात, सैनिक गातात, ज्यांना सा कुठं आणि प कुठं हे ठाऊक नाही ते गातात. त्यात अवघड तान नाही, रागाचं प्रदर्शन नाही. सगळा भार शब्दांवर आहे आणि चाल त्या शब्दांना खांदा देते. ऐकणाऱ्याला पहिल्याच फेरीत ती पाठ होते. अशी चाल बांधायचं शिक्षण विद्यालयात मिळत नाही. ते मिळतं ‘शहनाई’त, ‘पतंगा’त, ‘अलबेला’त. हजारो अनोळखी लोकांच्या तोंडी एका दिवसात बसेल असा मुखडा कसा रचायचा, हे अण्णा सोळा वर्षं त्या ‘हलक्या’ गाण्यांतून शिकत होते. तुम्ही ज्या गाण्यापुढं उभे राहता त्याची तालीम त्या गाण्यांत झाली आहे ज्यांना तुम्ही बसायलाही जागा देत नाही.

म्हणून कार्यक्रम करणाऱ्या मंडळींना माझी एक स्पष्ट मागणी आहे. १२ जानेवारीला अण्णांचा जन्मदिन आणि ५ जानेवारीला स्मृतिदिन. त्या आठवड्यात गावोगावी, मुंबई-पुण्यात, नागपुरात, पणजीत जे कार्यक्रम होतील त्यांत पूर्वार्धात ‘दर्दभरी’ आणि उत्तरार्धात ‘धमाल’ अशी मांडणी बंद करा. ‘आझाद’ची बागेश्री झाल्यावर निवेदकानं मध्ये काही बोलू नये, लगेच ‘अपलम चपलम’ घ्यावं. ‘शोला’ला नाचायला मुलं आणली तरी हरकत नाही, पण ते गाणाऱ्या गायकाला ‘जाग दर्द-ए-इश्क’ इतकाच तालमीचा वेळ द्या, आणि ट्रंपेट वाजवणारा गोव्याचा वादक असेल तर त्याचं नाव पत्रिकेत छापा.